त्सुनामीनंतरचं नागपट्टिणम: मदत भरपूर होती, मग अडलं कुठे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

निसर्ग आणि तौक्ते, दोन्ही वादळांनंतर इथे मदतीवर धागे निघाले. आठ-दहा दिवस टेम्पो येत राहिले, मग सगळं थंड पडलं आणि पुढचं गावाने एकट्याने निस्तरलं. तेव्हापासून मनात होतं की आपल्याच देशात ज्या किनाऱ्यावर याच्या कितीतरी पट मोठं संकट आलं, तिथे टेम्पो थांबल्यानंतर काय झालं ते नीट समजून घ्यावं. म्हणून तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

आधी थोडी उजळणी. २६ डिसेंबर २००४, रविवार. आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. भेग उत्तरेला अंदमानपर्यंत, बाराशे किलोमीटरहून जास्त फाटत गेली. लाटा तमिळनाडूला पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, पण तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी कोणतीच यंत्रणा नव्हती. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. भारताचा अधिकृत आकडा १०,७४९ मृत आणि ५,६४० बेपत्ता. तमिळनाडूत सुमारे ८ हजार, आणि त्यातले ६ हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातले.

त्यात बायका आणि मुलं फार. होड्या परतायची वेळ होती, बायका मासळी घ्यायला किनाऱ्यावर थांबल्या होत्या आणि सुट्टी म्हणून पोरं वाळूत खेळत होती. खोल समुद्रात असलेल्या पुरुषांना खालून लाट गेल्याचं कळलंही नाही. ते परत आले तेव्हा अक्कराइपेट्टै, कीचनकुप्पम यांसारखी गावं जागेवर नव्हती. वेळांकण्णीला नाताळसाठी आलेले यात्रेकरूही किनाऱ्यावर होते.

पुढच्या मदतीबद्दल वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. पैशाची चणचण फारशी नव्हती. सरकार होतं, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक होती, शेकड्यांनी संस्था होत्या, देशभरातून लोकांनी पगार दिले होते. तरीही काही गावं चार-पाच वर्षांत सावरली आणि काहींमध्ये नवी घरं बांधून रिकामी राहिली. माझं मत असं होत चाललंय की जिथे गावाला आधी विचारलं तिथलं काम टिकलं. पण मी पुस्तकी माणूस आहे. ज्यांनी तिथे किंवा अशा दुसऱ्या ठिकाणी काम केलंय त्यांनी लिहावं.

तंजावरची_लेक

खाडीकाठ, हा विषय काढलात, फार बरं वाटलं. आमचं घराणं तंजावरचं, घरात आजही मराठीच. नागपट्टिणम १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आम्हाला तो किनारा परका नाही. २००५ मध्ये मी तिथल्या समन्वय केंद्रात काम करायचे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिल्या आठवड्यात जे आलं त्यात सगळ्यात जास्त काय होतं? जुने कपडे. ट्रकच्या ट्रक. कुणी स्वेटर पाठवले होते, कुणी फाटके. मच्छीमार कुटुंबं गरीब होती, पण कुणाचे उतरवलेले कपडे घालणारी नव्हती. त्यांनी ते घेतले नाहीत आणि रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडले. ते उचलायलाच वेगळी माणसं लावावी लागली. आजही कुठे पूर आला की सोसायटीच्या गेटवर 'जुने कपडे इथे ठेवा' अशी पाटी दिसते. कृपा करून असं करू नका.

एका गावात पाच संस्था स्वयंपाकाची भांडी वाटतायत आणि आतल्या गावात एकही पोहोचलेली नाही, अशी स्थिती होती. तंजावरचे जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन यांना नागपट्टिणमला आणलं गेलं. कुंभकोणमच्या शाळेतली आग त्याच वर्षी जुलैमध्ये झाली होती, ९४ मुलं गेली होती, आणि ते सगळं त्यांनी हाताळलं होतं. आल्यावर त्यांनी संस्थांना हाकललं नाही आणि मोकळंही सोडलं नाही. दक्षिण भारतीय मच्छीमार संघांचा महासंघ आणि स्नेहा, या भागातल्या दोन जाणत्या संस्थांनी मिळून जानेवारी २००५ मध्ये समन्वय केंद्र उभं केलं आणि जिल्हा प्रशासनाने त्याच्याशी जोडून घेतलं.

काम दिसायला अगदी साधं होतं. गाववार यादी. कुठे किती कुटुंबं, काय गेलं, काय मिळालं, कोण देणार म्हणालंय, अजून काय हवंय. यादी रोज बदलायची. नवी संस्था आली की तिला आधी यादी दाखवायची. 'आम्हाला कुठलंतरी एक गाव दत्तक द्या' असं म्हणणारे पुष्कळ यायचे, आणि सगळ्यांना रस्त्यालगतचं, पोहोचायला सोपं गाव हवं असायचं. त्यांना समजावून वेदारण्यमकडच्या आतल्या वस्त्यांवर पाठवणं हे आमचं मुख्य काम झालं होतं म्हणा ना.

यादीतही खोट होती, तेही सांगायला हवं. मच्छीमार गावांत पारंपरिक गावपंचायत असते, तिचा शब्द चालतो. तिच्यामुळे वाटप शिस्तीत झालं. पण त्या पंचायतीत बायका नसतात, आणि शेजारच्या दलित वस्तीतली शेतमजूर कुटुंबं तिच्या हिशोबात नसतात. त्यांची होडी गेली नव्हती, घरातलं कुणी गेलंच असं नव्हतं, पण शेतात खारं पाणी शिरल्याने मजुरी बुडाली होती. 'त्सुनामीग्रस्त' म्हणजे मच्छीमार, असं समीकरण झाल्यामुळे ते कितीतरी दिवस यादीबाहेर राहिले. काही छावण्यांमध्ये त्यांना वेगळं काढलं गेल्याच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या.

मोगरा

ताई, वाचून सुन्न झाले. इतकी मुलं गेली, त्या आयांचं पुढे काय झालं?

तंजावरची_लेक

मोगरा, तमिळनाडूत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम खूप पोहोचलेला. दोन मुलं झाली की बाईची शस्त्रक्रिया झालेली असायची. लाटेत दोन्ही मुलं गेलेल्या कितीतरी आया होत्या. ती शस्त्रक्रिया उलटवून पुन्हा मूल होऊ शकेल अशी सोय सरकारने स्वतःच्या खर्चाने केली, आणि काही घरांत खरंच पुन्हा पाळणा हलला. सगळ्यांना नाही. ज्यांना झालं नाही त्यांच्यावर घरातून काय दबाव आला, ते लिहायला बसले तर वेगळा धागा होईल.

आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी नागपट्टिणममध्ये अन्नै सत्या हे सरकारी बालगृह सुरू झालं. मुलांना परगावी दत्तक पाठवायची घाई केली नाही, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत वाढू दिलं, हा निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो.

गवंडीकाम

मी किल्लारीच्या पुनर्वसनात बांधकामावर होतो, आता निवृत्त आहे. धागा घरांवर येणारच, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या आधी झालेला भूकंप. जवळपास ८ हजार माणसं, बहुतेक माळवदाखाली गाडली गेली. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. घराचा आकार शेतजमिनीवर ठरला: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. नवी गावं शहरातल्या कॉलनीसारखी आखली, सरळ रस्ते, एका ओळीत घरं. जुन्या गावात गल्लीला वळण होतं, ओटा होता, गुरं दाराशी होती. नव्या घरात गुरं बांधायची कुठे, कडबा ठेवायचा कुठे, याचं उत्तर नकाशात नव्हतं. लोकांनी मग पत्रे टाकून ते स्वतः काढलं.

पण त्याच कार्यक्रमात दुसरा भाग होता, ज्याची चर्चा कमी होते. जी गावं उठवली नाहीत तिथे घरमालकाच्या हातात हप्त्याहप्त्याने पैसे आणि सामान दिलं, अभियंत्याने फक्त मजबुतीची पद्धत दाखवली, आणि घर त्याने त्याच्या गवंड्याकडून दुरुस्त करून घेतलं. लाखाच्या वर घरं अशी झाली. त्यात भ्रष्टाचार झालाच नाही असं म्हणणार नाही. पण मी दोन्हीकडे फिरलोय, आणि मालकाने स्वतः उभं राहून करून घेतलेल्या घराकडे तो ज्या नजरेने बघतो ती ठेकेदाराच्या घराकडे बघताना नसते. २००१ च्या भूजनंतर गुजरातने हाच धडा घेतला आणि बहुतेक घरं मालकांच्या हाती दिली.

नागपट्टिणमला मात्र उलटं झालं, असं मी वाचलं. तंजावरताई, बरोबर का?

तंजावरची_लेक

अगदी बरोबर, काका. ३० मार्च २००५ चा शासननिर्णय क्रमांक १७२ होता. समुद्रापासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्यांना आतल्या बाजूला नवं पक्कं घर. दीड लाखापर्यंत खर्च, सुमारे सव्वातीनशे चौरस फूट. नवीन घर घ्यायचं तर जुनी जागा सरकारला सोडायची. नको असेल तर जुन्या जागी राहा, पण मदत मागू नका. बांधायचं काम बरंचसं संस्थांनी उचललं आणि संस्थांनी ठेकेदारांना दिलं.

त्या निर्णयातली एक गोष्ट उत्तम होती. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर. किनाऱ्यावरच्या हजारो बायकांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही आलं.

नुकसान कुठे झालं तेही सांगते. मोकळी सपाट जागा हवी म्हणून काही गावांत कडुनिंब, नारळ तोडले. लाटेत टिकलेली धडधाकट जुनी घरंही पाडली, कारण नकाशात ओळ सरळ यायला हवी होती. त्या किनाऱ्यावर दुपार काढायची ती झाडाखाली. जाळं विणणं, भांडणं मिटवणं, पोरींचे केस विंचरणं, सगळं तिथे. सिमेंटच्या सपाट छपराखाली मे महिन्यात बसून बघा.

प्रश्नचिन्ह

एक विचारतो, राग मानू नका. मालकाने बांधायचं, गावाला विचारायचं, झाडं वाचवायची, हे सगळं खरं. पण याला वेळ लागतो. तात्पुरत्या निवाऱ्यात लोक राहत होतेच ना? डांबरी पत्र्याच्या खोल्यांमध्ये उन्हाळा काढणाऱ्या बाईला तुम्ही 'थांबा, आधी बैठक घेऊ' असं सांगाल? तिला घर लवकर हवंय. ठेकेदार लवकर देतो. घाईचं काम म्हणून त्याला नावं ठेवणं सोपं आहे.

खाडीकाठ

प्रश्न रास्त आहे. ते डांबरी पत्र्याचे निवारे भयंकर होते, दिवसा आत बसवत नसे, पावसात पाणी साचायचं, आणि काही महिन्यांसाठी म्हणून बांधलेल्या त्या खोल्यांत पुष्कळ कुटुंबांनी दोन-तीन वर्षं काढली.

पण बघा, ठेकेदार होते तरी दोन-तीन वर्षं लागलीच. उशीर जमीन मिळवण्यात झाला, घरमालकाशी बोलण्यात नाही. किनाऱ्यालगत शेतजमीन विकत घ्यायची, ती उंचावर आहे का, पावसाळ्यात पाणी भरतं का, हे बघायचं. काही वसाहती सखल जागी झाल्या आणि तिथे पुढच्या पावसात पाणी शिरलं. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने ती जागा नको म्हणून सांगितलं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की तात्पुरता निवारा चांगला करा, झावळ्यांचा करा, हवा येऊ द्या, त्यावर खर्च करा. म्हणजे कायमच्या घरासाठी विचार करायला उसंत मिळते.

तांडेल

मी कोळी. वडील, आजा, सगळे समुद्रावर. होड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तिकडे लाटेत कट्टुमरम गेले, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होड्या. देणाऱ्यांनी त्या बदल्यात फायबरच्या होड्या दिल्या, इंजिनासकट. होडी दिली की फोटो छान येतो. मग इतक्या दिल्या की काही गावांत आधी होत्या त्यापेक्षा जास्त झाल्या. मागणी एवढी की रातोरात कारखाने उभे राहिले, आणि त्यातल्या काहींच्या होड्यांचा दर्जा असा की दोन हंगामांत तडे. वर जो तो मालक झाला, खलाशी मिळेनात. किनाऱ्याजवळची मासळी तेवढीच, काढणारे वाढले. आपल्याकडे कर्जाने आणि सबसिडीने जे हळूहळू झालं ते तिकडे एका वर्षात झालं.

आणि बायका! होडी पुरुषाची, म्हणून भरपाई पुरुषाला. लिलावात मासळी घेऊन डोक्यावरून गावोगाव विकणाऱ्या बाईची पाटी गेली, अॅल्युमिनियमची भांडी गेली, खेळतं भांडवल गेलं, गिऱ्हाइकाकडची उधारी बुडाली. तिची नोंद कुठल्या रकान्यात? आमच्या घरात आई मासळी विकायची म्हणून चूल पेटायची. वादळाच्या पंचनाम्यात आमच्याकडेही तिला रकाना नाही.

एक आणखी. कोळ्याला घर समुद्र दिसेल असं का हवं असतं, हे बाहेरच्याला कळत नाही. पाण्याचा रंग बघून मासळीचा थवा ओळखतात, वारा फिरला की होडी वर ओढायला धावावं लागतं. एक किलोमीटर आत घर दिलं तर इंजिन आणि जाळी रात्री राखायची कुणी?

मोगरा

तांडेलदादा, पाटीवाल्या बाईचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

बेटावरून

मी नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला पुष्कळ वर्षं होतो. निकोबारबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

निकोबार बेटं भूकंपाच्या केंद्राच्या इतकी जवळ की लाट यायला तास नव्हते, मिनिटं होती. कार निकोबारच्या वायुदल तळावर शंभरावर माणसं गेली. कच्छाल बेटावर सर्वांत जास्त बेपत्ता. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले. आणि जमीनच खचली: इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ चार मीटरहून जास्त खाली बसून पाण्यात उभा राहिला.

निकोबारी लोकांचं एकत्र कुटुंब असतं, तुहेत म्हणतात. जमीन, नारळ, डुकरं तुहेतची. खांबांवर उभी गोल, गवती घरं ते स्वतः बांधायचे, गार आणि भूकंपात हलणारी पण न पडणारी. त्सुनामीनंतर त्यांच्या पुढाऱ्यांनी मागितलं काय, तर हत्यारं. कुऱ्हाडी, करवती, खिळे. आमची घरं आम्ही बांधतो म्हणाले. त्यांना मिळाल्या पत्र्याच्या खोल्या, विषुववृत्ताजवळच्या उन्हात. नंतर कायमची घरं आली, तीही मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या लोखंडी सांगाड्यांची. प्रत्येक नवरा-बायको-मुलांना वेगळं घर आणि भरपाई वेगवेगळ्या खात्यांत. ज्यांनी कधी भिंत घालून वाटणी केली नव्हती त्यांची वाटणी सरकारी कागदाने झाली. नारळबागा खाऱ्या पाण्यात गेल्या, नवीन लावलेला नारळ धरायला वर्षं लागतात, तोवर हातात रोख पैसा. दारू वाढली, मोटरसायकली आल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ग्रेट निकोबारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोबारींना तात्पुरतं म्हणून कॅम्पबेल बेजवळ राजीव नगर आणि न्यू चिंगेन इथे आणलं. ते सारखं म्हणत आलेत की आम्हाला आमच्या जुन्या गावी परत जायचंय. त्यांना परत नेलं नाही, आणि आता त्याच बेटावर गॅलाथिया उपसागरात मोठं बंदर आणि शहर यायचं आहे. त्यांच्या दृष्टीने २००४ चं पुनर्वसन अजून सुरूच झालेलं नाही.

दुसरीकडे लिटल अंदमानवरचे ओंगी आदिवासी समुद्र मागे हटताना बघून उंचावर गेले आणि वाचले. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण आजी-आजोबांनी गाण्या-गोष्टींतून जपली होती. जमीन हलली, पाणी ओसरलं, डोंगराकडे पळा. ७५ हजारांहून जास्त वस्तीच्या त्या बेटावर मोजून ७ माणसं गेली.

प्रश्नचिन्ह

बेटावरून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आधीच्या माझ्या प्रश्नाला ही दुसरी बाजू आहे हे मान्य.

तरी एक उदाहरण ठेवतो. सुमात्राच्या आचे प्रांतात इंडोनेशिया सरकारने एप्रिल २००५ ला पुनर्बांधणीसाठी वेगळी संस्था नेमली, कुंतोरो मंगकुसुब्रोतो तिचे प्रमुख. चार वर्षांची मुदत, आणि चार वर्षांनी ती खरंच बंद केली. तेवढ्यात सुमारे १ लाख ४० हजार घरं उभी राहिली. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत सरकार आणि बंडखोर यांच्यात करार झाला, तीस वर्षांचा संघर्ष थांबला, त्यामुळे हे शक्य झालं. श्रीलंकेत सरकार आणि तमिळ बंडखोर संघटना लिट्टे यांच्यात मदतवाटपाचा करार झाला, पण न्यायालयात अडकला. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटरची बांधकामबंदी आली, हॉटेलांना एक न्याय आणि मच्छीमारांना दुसरा अशी ओरड झाली, आणि शेवटी ती सैल करावी लागली. म्हणजे वरून कुणीतरी जबाबदार, अधिकार असलेलं माणूस लागतंच. नुसतं गाव पुरत नाही.

सेंदाईकर

मी जपानमध्ये सेंदाईजवळ राहते. इथली ११ मार्च २०११ ची लाट सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. (आपल्या एनडीआरएफची पहिली परदेशी मोहीम इथेच, ओनागावाला आली होती, हे इथले जुने लोक अजून सांगतात.)

रिकुझेनताकाता गावात डोंगर फोडून त्याची माती लांबलचक सरकत्या पट्ट्यावरून आणली आणि गावची जमीन कित्येक मीटर उंच केली, पुढे भलीमोठी समुद्रभिंत. काम अचाट. पण तेवढ्या वर्षांत तरुण दुसरीकडे स्थिरावले, आणि उंच केलेल्या जमिनीवर आज रिकामे प्लॉट भरपूर आहेत. त्याउलट इवानुमामध्ये किनाऱ्यावरच्या सहा वस्त्यांनी ठरवलं की जायचं तर एकत्र. तात्पुरत्या घरांतही शेजारी शेजारीच ठेवले. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर चिठ्ठ्या टाकून घरं दिली होती, म्हातारी माणसं अनोळखी लोकांत पडली आणि काहींचे एकटेच मृत्यू झाले, ते इथे लोकांना आठवत होतं. इवानुमाची नवी वस्ती भरलेली आहे.

नारळीपोफळी

श्रीवर्धनहून. निसर्गमध्ये आमची वाडी आडवी झाली. भरपाई हेक्टरी होती, आमच्या वाड्या गुंठ्यांत आणि सात-बारावर डझनभर नावं. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं, पंचनामा दहा मिनिटांत. म्हणून विचारते, नागपट्टिणमच्या खाऱ्या झालेल्या शेतांचं काय केलं? आणि सुरूच्या झाडांनी लाट अडते हे खरं का? आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूचं बन आहे म्हणून विचारतेय.

तंजावरची_लेक

शेतं बऱ्यापैकी सुधारली. आधी वर आलेला गाळ खरवडून काढला, मग बांध घालून पावसाचं गोडं पाणी कोंडलं आणि क्षार धुऊन काढले, ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून ते शेतातच गाडलं. तळी उपसली. हे काम मजुरांना रोजगार देऊन झालं, त्यामुळे यादीबाहेर राहिलेल्या कुटुंबांच्या हाती पहिल्यांदा काही पडलं. दोन-तीन हंगामांत भात उभा राहिला.

सुरूबद्दल: वेदारण्यमजवळच्या नालुवेदपती गावाने डिसेंबर २००२ मध्ये चोवीस तासांत ८०,२४४ रोपं लावून गिनीजमध्ये नाव नोंदवलं होतं. दोन वर्षांनी लाट आली तेव्हा त्या गावाचं नुकसान फार कमी झालं. पिचावरमच्या कांदळवनामागची गावंही वाचली. पण शास्त्रज्ञांत यावर वाद आहे. काहींचं म्हणणं, ती गावं मुळात उंचावर आणि किनाऱ्यापासून लांब होती. त्यामुळे झाडं लावा, ती हवीतच, पण 'आता झाडं आहेत, पळायची गरज नाही' असं कुणी समजू नये.

खाडीकाठ

आणि आपल्या किनाऱ्याला धोका नाही असंही समजू नये. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, वर्सोव्यासारख्या ठिकाणी माणसं गेल्याच्या नोंदी आहेत. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ पासून इशारे देतं आणि एप्रिल २०१२ च्या सुमात्राच्या भूकंपात त्याची नीट कसोटी लागली. ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही गावं २०२० मध्ये युनेस्कोने 'त्सुनामीसज्ज' ठरवली. म्हणजे गावपातळीवर तयारी होऊ शकते.

तंजावरताई, त्या गाववार यादीत कोणते रकाने होते ते जमेल तसं इथे लिहाल का? आमच्या ग्रामसभेत पावसाळ्याआधी ठेवायचे आहेत.

तंजावरची_लेक

लिहिते. कुटुंबप्रमुखाबरोबर घरातल्या प्रत्येक बाईचं नाव आणि तिचा धंदा, वेगळ्या ओळीत. भाड्याने राहणारे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. चालता न येणारी माणसं आणि त्यांना कोण उचलणार. दुसऱ्याच्या होडीवर जाणारे खलाशी. दुसऱ्याच्या शेतात, वाडीत राबणारे. बाहेरून हंगामापुरते आलेले कामगार. झाडं, मोजून. गावातली उंच जागा आणि तिथे किती माणसं मावतात. ही यादी वर्षातून एकदा चावडीवर मोठ्याने वाचायची, म्हणजे जो राहिला तो तिथेच उठून सांगतो.

तांडेल

ताई, त्यात पाटी आणि उधारी घाला.

तंजावरची_लेक

घातली, दादा. सगळ्यात वर घातली.